अर्जातला नावाचा रकाना

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर मेथी निवडली. भिंतीचं काम आटपून घरी आलो होतो. हातपाय धुतले, तिनं अंगणात पोतं अंथरलं आणि जुडी माझ्याकडं सरकवली. मला मेथी निवडता येत नाही, मी काड्यांसकट टाकतो.

"आवो, जनावराला टाकायलाव का माणसाला?"

"ताकद काडीतच असती."

"मग तुमच्या ताटात काड्याच वाढते."

एवढं बोलली आणि थांबली. हात मेथीतच होते. म्हणाली, "लय घाम यायलाय वो." मी म्हटलं दिवसभर उन्हात होतीस, पाणी पी. तिनं तांब्या हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. शेजारच्या रिक्षात घालून दवाखान्यात नेली तेव्हा नुकते दिवे लागत होते. डॉक्टरनं मनगट धरलं, डोळ्यात बॅटरी मारून बघितली आणि मला विचारलं, "सोबत कुणी मोठं माणूस आहे का?" मी सदुसष्ट वर्षांचा. मी म्हटलं, मीच मोठा हाय, सांगा.

माझी बायको सुलोचना, माहेर पालमचं. मी पूर्णेचा किसन पेंटर. शिक्षण सातवी नापास.

हा अंक काढणाऱ्यांनी मला सांगितलं की भिंतीच्या चित्राला अनुदान कसं मिळालं ते लिहा, दुसऱ्या कलावंतांना उपयोग होईल. म्हणून लिहितो. कुणाला काय उपयोग होतो ते ज्यानं त्यानं बघावं.

आधी धंद्याचं सांगतो. पेंटर म्हणजे दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, विहाराच्या भिंती, लग्नघराच्या दारावरचा हत्ती. अक्षर हा माझा हुन्नर. निळीत भिजवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मधी चिमटीत उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. त्या रेघांमधी अक्षरं बसवायची. आधी अक्षरं मोजायची, मग जागा मोजायची, मग ब्रश उचलायचा. उलट केलं की शेवटची दोन अक्षरं भिंतीबाहेर जातात. माझी कधी गेली नाहीत. हे मी घमेंडीनं सांगतो, कारण घमेंड करण्यासारखं माझ्याकडं तेवढंच आहे.

चेहरा मला कधीच जमला नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका शाळेच्या भिंतीवर पाटी घेतलेली बाई काढायची होती. मी दोन दिवस घालवून काढली. सुलोचना भाकरी घेऊन आली, बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"ही बाई हाय का हवालदार?"

मला राग आला. म्हटलं, तूच काढ. तिनं चुलीतला कोळसा आणला, माझ्या बाईच्या गालावरून दोन रेघा ओढल्या, डोळा थोडा खाली घेतला, आणि ती बाई तिच्या आईसारखी दिसायला लागली. चौथी शिकलेली बाई. कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या कामातला प्रत्येक चेहरा तिनं काढला. बुद्धाचा शांत चेहराही तिचाच. मी रंग भरला, अक्षरं लिहिली आणि खाली कोपऱ्यात सही केली, किसन पेंटर, पूर्णा. डोक्याला रुमाल बांधून ती परांचीवर असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, रंग कालवायला बाई लावलीय. तिला सगळे पेंटरीण म्हणायचे. म्हणजे पेंटरची बायको.

मग फ्लेक्स आला. नवरदेवापासून पुढाऱ्यापर्यंत सगळे छापून यायला लागले. आम्ही दोघं रिकामे बसलो.

तेव्हा आमच्या गल्लीतले गुरुजी कागद घेऊन आले. मुंबईची एक संस्था सार्वजनिक जागी चित्र, शिल्प करायला कलावंतांना अनुदान देते असा तो कागद होता. वर लिहिलेलं, कारकिर्दीच्या मध्यावर असलेल्या कलावंतांसाठी.

"मध्यावर म्हणजे काय, गुरुजी?"

"नवशिक्या नको, नावाजलेलाही नको. लय वर्षं काम करतोय आणि कुणी विचारत नाही, असा पाहिजे. वयाची अट नाही."

"मग मीच की तो."

सुलोचना आतून ओरडली, "गुरुजी, मधला डबा म्हनलेत त्यांनी. ह्यो गार्डाचा डबा हाय!"

गुरुजी अर्ज भरायला बसले. पहिलाच रकाना, कलावंताचं नाव. गुरुजींनी पेन उचलून आम्हा दोघांकडं बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. सुलोचना चहा गाळत होती. म्हणाली, "यांचंच लिव्हा की." मी गप बसलो. खाली एक रकाना होता, मदतनीस असल्यास. तिथं तिचं नाव लिहिलं.

दुसरी अडचण त्याहून मोठी वाटली तेव्हा. आधी केलेल्या दहा कामांचे फोटो मागितले होते. आमच्याकडं एक नव्हता. एक तर फोटो कोण काढतो? आणि दुसरं म्हणजे, पेंटर आपलं जुनं काम आपल्याच हातानं पुसतो. गावोगावी भिंतीवर वर्षा-दोन वर्षांनी चुना मारायचा आणि त्यावर नवं काढायचं, हीच आमची रीत. जुनं ठेवलं तर नवं काम कुठून मिळणार? मी पस्तीस-चाळीस वर्षांचं काम चुन्याखाली घातलं होतं आणि वर त्याची मजुरीही घेतली होती.

तोड सुलोचनानं काढली. म्हणाली, "लोकांच्या लग्नाच्या अल्बमात बघू."

खरंच होतं. लग्नाचे फोटो भिंतीसमोरच काढतात. मग आम्ही एसटीनं फिरलो. पालमकडं गेलो, पोखर्णीकडं गेलो, तिथून आडवाटेच्या गावांना. घरोघरी बसून चहा प्यायचा, अल्बम मागायचा. एका घरी म्हातारा हसायलाच लागला.

"आजवर समद्यांनी नवरी बघितली. भिंत बघनारे तुमीच पहिले!"

"नवरी चांगलीच हाय," सुलोचना म्हणाली, "पन माझ्या बाईच्या तोंडापुढं हुबी राहिली ना!"

तिनं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काढलेला एकेक चेहरा ती फोटोत ओळखायची. नवरदेवाच्या फेट्यामागून अर्धा डोळा दिसला तरी बोट ठेवायची. एका फोटोवर ती लय वेळ थांबली. विहाराच्या भिंतीवरचा चेहरा होता. त्या भिंतीवर मी आदल्याच वर्षी चुना मारलेला. मी पान उलटलं. गुरुजींनी आपल्या मोबाईलवर दहा फोटो जमवून दिले आणि अर्ज गेला.

दोन महिन्यांनी परभणीला बोलावणं आलं. एका शाळेच्या हॉलमधी टेबलामागं तिघं बसले होते. बोलत होत्या त्या एक मॅडम, केस पिकलेल्या, आवाज मऊ. फोटो बघून त्या खूश झाल्या. असा अल्बम आमच्याकडं कधी आला नाही म्हणाल्या. काय काढणार विचारलं. मी सांगितलं, आठवडी बाजाराची लांब भिंत आहे. तिच्यासमोर ज्या बाया जन्मभर बसल्या, मिरच्यावाली, बांगड्यावाली, गाडग्यावाली, त्याच भिंतीवर काढायच्या, माणसाएवढ्या. हे सुचलं होतं सुलोचनाला. मी पाठ करून गेलो होतो.

मग मॅडम म्हणाल्या, "मामा, एखादा चेहरा काढून दाखवता? आपला साधा, कोळशानं."

कागद पुढं आला. मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला, मॅडम."

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावरून सुलोचना उठून आत आली. "चष्मा पिशवीत हाय की, आवो."

सगळे हसले. तिला खरंच वाटलं मी चष्मा शोधतोय. डोळ्यावर चष्मा ठेवून मी कागदावर एक गोल ओढला. पुढं हात चालेना. ती माझ्या पाठीमागं उभी होती, तिला आता कळलं. म्हणाली, "सकाळपसनं यांचा अंगठा दुखायलाय. मी काढू का?" माझ्या हातातला कोळसा तिनं घेतला. चहा देणारा एक माणूस दाराशी उभा होता, त्याची एक पापणी जरा खाली आलेली. बघता बघता त्याला तिनं कागदावर आणला, पापणीसकट. तो माणूस पुढं येऊन बघतच राहिला.

मॅडमनी कागद बघितला, मग मला बघितलं.

"सुलोचनाबाईंचं नाव अर्जात कुठं आहे?"

"मदतनीस म्हणून हाय."

"दोघांच्या नावानं अर्ज चालतो, मामा. आठ दिवसांत दुरुस्त करून पाठवा. त्यानं तुमचं काही कमी होणार नाही."

परभणीच्या बसस्टँडवर आम्ही पूर्णेच्या गाडीची वाट बघत होतो. मी तिच्यावर चिडलो होतो. ती पेरू खात होती. अर्धा पेरू माझ्यापुढं धरून म्हणाली, "मग, लावायचं का माझं नाव?"

सबंध जन्मात तिनं स्वतःसाठी एवढंच मागितलं. एकदाच.

मी म्हटलं, "आता मधीच नाव बदललं तर त्यांना वाटंल काहीतरी घोटाळा हाय. मिळायचं तेबी जाईल."

"बरं," म्हणाली. गाडी लागली, आम्ही बसलो.

अनुदान जाईल ही भीती मला नव्हती. मॅडमनीच सांगितलं होतं, कशाची भीती? मला भीती होती पूर्णेच्या लोकांची. किसन पेंटर बायकोच्या हातावर नाव कमावत होता असं म्हणतील, याची. आजही मी रस्त्यानं जातो आणि कुणी काही म्हणत नाही. लोकांना फुरसत नसते एवढी.

कागद मी दुरुस्त केला नाही. अनुदान मंजूर झालं, माझ्या एकट्याच्या नावानं. गावात सत्कार झाला, गळ्यात हार पडला. ती बायांत बसून टाळ्या वाजवत होती.

काम चार महिने चाललं. भिंत घासली, भेगा भरल्या, पांढरा हात दिला, दोरी मारून चौकोन पाडले. बाजाराचा दिवस सोडून सुलोचना एकेका बाईला समोर बसवायची. मॅडमच्या संस्थेनं सांगितलं होतं की जागेच्या लोकांना कामात सामील करून घ्या. आमच्या इथं सामील करून घ्यावं लागलं नाही, हाकलावं लागलं. प्रत्येकीला आपलं नाक दुरुस्त करून पाहिजे होतं.

हाजराबी बांगड्या विकते, बाजाराच्या मागंच राहते. आपलं तोंड भिंतीवर बघून तिनं तक्रार केली.

"अगे पेंटरीण, मेरे दो दांत गिरे कबके! तू पूरे बिठा दी?"

"भिंतीवर तरी असू द्या की, हाजराबी."

"नको, नको. नातू बोलेंगे, ये कौन बुढ्ढी है. निकाल दोनो."

सुलोचनानं दोन्ही दात काढले. हाजराबी खूश झाली, म्हणाली, "अब मैं हुई." बाजूला मिरच्यावाली गयाबाई उभी होती. ती मला म्हणाली, "मामा, तुमी नुसतं दोरी धरायलाव. सगळं पेंटरीनच करायलीय."

बाया हसल्या. मीही हसलो. सुलोचना हसली नाही. वर परांचीवर होती, तिथूनच म्हणाली, "दोरी सरळ न्हाई धरली तर समद्या वाकड्या दिसशीला." माझी बाजू राखली तिनं. मी खाली उभा राहून ती राखू दिली.

मधी एकदा मॅडम काम बघायला आल्या. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. सुलोचनाशी बराच वेळ बोलल्या. जाताना मला बाजूला घेतलं.

"करारात तुमचं एकट्याचं नाव आहे, म्हणून भिंतीवर तेच येईल. बदलायचं असेल तर अजून सांगा."

"बघू," मी म्हटलं.

ज्यांना अर्ज करायचाय त्यांच्यासाठी लिहितो. फोटो जपून ठेवा, कागद दोन ठिकाणी ठेवा, जागेची परवानगी लेखी घ्या, हे सगळं खरंच आहे. पण ते कुणीही सांगेल. मला विचारता तर "बघू" म्हणू नका. मी म्हटलं तेव्हा अजून सहा आठवडे हातात होते. सहा आठवडे रोज सकाळी ती आणि मी बरोबर घराबाहेर पडत होतो, आणि रोज सांगता आलं असतं.

शेवटच्या दिवशी गाडग्यावालीच्या लुगड्याचा काठ झाला आणि काम संपलं. उजव्या हाताला खाली नावाची जागा तेवढी राहिली. मी म्हटलं, उन्हं उतरली, उद्या लिहितो. ती लांब रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहिली आणि सगळी भिंत एकदम बघितली. परत आली तेव्हा मी विचारलं, कशी दिसते? म्हणाली, "बाजार भरल्यावानी वाटायलाय." येताना तिनंच मेथी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. तिला आमच्या रीतीनं पांढऱ्या साडीत मधल्या खोलीत ठेवलं होतं. लेक पुण्याहून निघाली होती, ती आली की न्यायचं ठरलं. मी थोडा वेळ पायाशी बसलो. मग उठलो, अक्षराचे दोन ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेतला. दारात तिच्या भावानं अडवलं.

"दाजी, कुठं निघालाव?"

"बाजारात."

"मयत घरात अन् तुमी बाजारात? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे," म्हटलं. हे म्हणायला मला सदुसष्ट वर्षं लागली.

बाजाराचा दिवस नव्हता, मैदान रिकामं होतं. मी नावाच्या जागेसमोर उकिडवा बसलो, हातानंच दोन रेघा आखल्या, दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ब्रश बुडवला. आणि हातानं आपणहून 'कि' लिहिला. मी लिहिला नाही, हातानं लिहिला. त्याला त्या कोपऱ्यात दुसरं काही माहीतच नव्हतं. मी सदऱ्याच्या बाहीनं पुसला. डाग राहिला, त्यावर पांढरा मारून वाळायची वाट बघत बसलो.

हाजराबी मागच्या गल्लीतून आली. "आज अकेला, पेंटर? वो किधर है?"

मी सांगितलं. ती तिथंच ओट्यावर बसली. भिंतीवर तिचं तोंड, खाली ती. डोळे पुसून म्हणाली, "क्या लिखता?"

"तिचं नाव."

"पूरा लिख. पूरा नाम लिख उसका."

जागा वाळली होती. मी 'सुलोचना' लिहिलं. मोजून चार अक्षरं. पूर्णेतल्या निम्म्या दुकानांची नावं मी लिहिली, लोकांच्या लेकीबाळींची, बैलांची नावं लिहिली, पण हे नाव ब्रशनं पहिल्यांदा लिहीत होतो. 'लो'ची मात्रा जरा जास्त उंच गेली, ती तशीच ठेवली. मग हात थांबला. आपल्याकडं बाईचं पूरं नाव लिहायचं म्हणजे तिच्या नावानंतर नवऱ्याचं नाव येतं, मग आडनाव, तेही नवऱ्याचंच. सगळ्या जगाच्या पाट्यांवर मी तसंच लिहीत आलो.

"पूरं लिहिलं तर मधी मी येतो, हाजराबी."



मी ब्रश पुन्हा बुडवला. 'सुलोचना'च्या पुढं एक बोट जागा सोडली आणि 'पेंटर' लिहिलं. खाली लहान अक्षरात 'पूर्णा'. डब्याचं झाकण दाबून बसवलं, आणि तिला न्यायला घरी गेलो.